ट्रॅकवर मोटार चालविण्यापूर्वी सदोष टायरची तपासणी व निर्णय : एक विवेचन

प्रस्तावना :

मोटारीचे इंजिन, ब्रेक व स्टिअरिंग कितीही उत्कृष्ट असले तरी त्यांचे कार्य अखेरीस चार टायरच्या द्वारेच जमिनीपर्यंत पोहोचते. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारणतः तळहाताएवढाच असतो. सार्वजनिक रस्त्यावर दीर्घकाळ निर्धोक वाटलेला टायर शर्यतीच्या ट्रॅकवर अल्पावधीत निकामी होऊ शकतो. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बनविलेली वाहने घेऊन कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर उतरतात. अशा वेळी वाहन ट्रॅकवर सोडावे की नाही, या निर्णयात मार्गदर्शक प्राध्यापकांचाही सहभाग असतो. या दृष्टीने टायरचे नुकसान कसे ओळखावे व त्यावर काय निर्णय घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टायरची रचना :

आधुनिक मोटारीचा टायर हा केवळ रबराचा गोल नसून थरांची रचना असते. आतील बाजूस हवा रोखून धरणारे अस्तर, त्यावर रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेले धाग्यांचे थर, त्यावर पोलादी तारांचे पट्टे आणि सर्वांत बाहेर नक्षीदार रबर अशी तिची मांडणी असते. टायरच्या बाजूच्या भिंतीत पोलादी पट्टे नसतात. तेथील भार धाग्यांवर व आतील हवेच्या दाबावर पेलला जातो. नक्षीच्या भागातील लहान छिद्र दुरुस्त होऊ शकते. मात्र बाजूच्या भिंतीचे नुकसान दुरुस्त होत नाही, याचे मूळ या रचनेत आहे.

ट्रॅकवरील भार व उष्णता :

वळणावर लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० मीटर त्रिज्येचे वळण ताशी १२० किलोमीटर वेगाने घेतल्यास मोटारीवर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९४ टक्के इतके आडवे त्वरण येते. तेच वळण ताशी ६० किलोमीटर वेगाने घेतल्यास हे प्रमाण एक चतुर्थांश होते. शिवाय वळणात भार बाहेरील बाजूच्या दोन चाकांवर सरकतो, त्यामुळे तेथील टायर सर्वाधिक ताणले जातात.

प्रत्येक फेऱ्यात टायर दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. या क्रियेत खर्च झालेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत रूपांतरित होतो. हवा कमी असल्यास टायर अधिक वाकतो व अधिक तापतो. याउलट, तापलेल्या टायरमधील दाब वाढतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास ३० पीएसआय दाखविणारा टायर आतून ८० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या नियमानुसार त्यातील दाब सुमारे ३८ पीएसआय होतो. म्हणून थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांतील दाबाची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. गरम टायरमधील हवा सोडल्यास तो थंड झाल्यावर त्यातील दाब मूळ पातळीच्याही खाली जातो, हे परतीच्या प्रवासापूर्वी ध्यानात ठेवावे लागते.

नुकसानीचे प्रकार व निर्णय :

(१) फुगा : खड्डा अथवा ट्रॅकच्या कडेचा उंचवटा जोरात लागल्यास बाजूच्या भिंतीतील धागे तुटतात व तेथे फुगा येतो. तो लहान असला तरी आतील आधार तुटल्याचे लक्षण होय. असा टायर बाद करावा. त्यावर दुरुस्ती नाही.

(२) छिद्र : नक्षीच्या मधल्या भागातील सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून व मशरूम पॅच बसवून रस्त्यावरील वापरासाठी दुरुस्त करता येते. बाहेरून दोरीसारखी रबरी पट्टी खुपसून काढलेले पंक्चर ही तात्पुरती सोय असते. हवा नसताना टायर काही अंतर चालला असेल, तर आतील भिंत घासली जाते व ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर न वापरणे हेच श्रेयस्कर.

(३) काप व भेगा : कापातून धागे अथवा तारा दिसत असल्यास टायर तत्काळ बाद ठरतो. सूक्ष्म भेगा रबर जुने झाल्याचे दर्शवितात. टायरवरील चार अंकी खूण निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुने, कडक झालेले रबर पकड गमावते.

(४) सपाट डाग : ब्रेक लावताना चाक अडकून घसरल्यास टायरचा एक भाग सपाट घासला जातो. त्यानंतर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हादरा बसतो.

(५) विषम झीज : केवळ आतील कड झिजणे हे चाकांच्या कोनातील दोषाचे चिन्ह असते. १.६ मिलिमीटरची झीजदर्शक खूण मधल्या भागात शाबूत असतानाही आतील कडेच्या तारा उघड्या पडू शकतात.

तपासणीची पद्धत :

उभ्या मोटारीभोवती फिरून केलेली पाहणी अपुरी असते. मोटार जॅकवर घेऊन चाक काढावे, आतील भिंत उजेडात पाहावी, हाताने चाचपावी आणि नक्षीतील खडे व खिळे शोधावेत. खिळा आढळल्यास तो स्वच्छता म्हणून उपटून न टाकता टायर तज्ज्ञाकडे द्यावा. टायर बदलताना एकाच आसावरील दोन्ही टायर समान असावेत. ताशी ८० किलोमीटर मर्यादा लिहिलेली अरुंद स्टेपनी ट्रॅकवर वापरू नये. ही पाहणी घरून निघण्यापूर्वी काही दिवस करावी, कारण ट्रॅकवर पोहोचल्यावर दोष आढळल्यास पर्याय उरत नाही व धोका पत्करण्याचा मोह वाढतो. वाहन विमा पॉलिसीच्या सर्वसाधारण अटींत संघटित शर्यत व वेगचाचणी यांचा वापर वगळलेला असतो, ही बाबही विचारात घ्यावी लागते.

२००५ मधील दोन उदाहरणे :

फॉर्म्युला वन शर्यतींच्या २००५ च्या हंगामात पात्रता फेरी व शर्यत यांसाठी टायरचा एकच संच वापरण्याचा नियम होता. खराब झालेला टायर सुरक्षिततेसाठी बदलण्याची मुभा होती, पण त्यात वेळ जात असे. दि. २९ मे रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे मॅक्लारेन संघाचा किमी रायकोनेन आघाडीवर असताना त्याच्या उजव्या पुढील टायरवर सपाट डाग पडला. हादरे वाढत गेले, तरी संघाने शर्यत चालू ठेवली. शेवटच्या फेरीच्या आरंभी त्या चाकाचे सस्पेन्शन तुटले व विजय फर्नांदो अलोन्सोकडे गेला.

तीन आठवड्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे वेगळा निर्णय झाला. शुक्रवारच्या सरावात तेराव्या, उतरत्या बांधणीच्या उजव्या वळणावर राल्फ शूमाखरच्या टोयोटाचा डावा मागील टायर निकामी होऊन अपघात घडला. मिशेलिन कंपनीने आपले टायर त्या वळणावर पूर्ण वेगाने सुरक्षित राहतील याची हमी देता येत नसल्याचे कळविले. वळणाचा वेग कमी करण्याची व्यवस्था नियामक संस्थेने मान्य केली नाही. परिणामी दि. १९ जून रोजी प्रारंभिक फेरीनंतर मिशेलिनवरील १४ मोटारी माघारी फिरल्या व केवळ ६ मोटारी धावल्या. त्यांत जॉर्डन संघाचा नारायण कार्तिकेयन चौथा आला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. प्रेक्षकांचा रोष झाला, मिशेलिनला तिकिटांच्या परताव्याचा भार उचलावा लागला. परंतु शर्यतीत टायरमुळे कोणी जखमी झाले नाही. २००६ पासून शर्यतीत टायर बदलण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली.

समारोप :

पहिल्या उदाहरणात दोष दिसत होता, परंतु विजय हाताशी होता. दुसऱ्यात दोषाचे पूर्ण कारण हाती नव्हते, तरीही हमी देता येत नाही एवढे कारण माघारीसाठी पुरेसे मानले गेले. महाविद्यालयीन संघासमोर प्रश्न याच स्वरूपाचा असतो. वर्षभराचे श्रम, प्रवासखर्च आणि विद्यार्थ्यांची उमेद एका बाजूस, तर एका टायरवरील शंका दुसऱ्या बाजूस. टायर सुरक्षित असल्याचे दाखविता आले पाहिजे. तो धोकादायक असल्याचे सिद्ध होण्याची वाट पाहणे योग्य नव्हे. शंका असल्यास वाहन ट्रॅकवर न सोडणे हा निर्णय मार्गदर्शकाने घेतला, तर विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी शिक्षणाचाच तो एक पाठ ठरतो.