बेडक्याचा रंग पाहता का?

थंडी पडू लागली की जुन्या खोकल्याचे रुग्ण दवाखान्यात वाढतात. "बेडका पडतो का?" या प्रश्नाला होकार मिळतो, पण "रंग कसा?" असे विचारले की बहुतेक आजोबा आजींच्या तोंडाकडे पाहू लागतात. विषय किळसवाणा खरा. तरीही वर्षानुवर्षांच्या विडीने अथवा चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे खराब झाली आहेत, त्यांनी हा संकोच सोडलेला बरा.

या विकाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपल्याकडे तो 'जुना दमा' म्हणून खपून जातो. यात श्वासनलिका अरुंद होतात, त्यांच्या अस्तरातील ग्रंथी जादा कफ तयार करतात आणि तो वर ढकलणारे सूक्ष्म तंतू धुराने निकामी झालेले असतात. त्यामुळे रोज सकाळी थोडा बेडका पडायचाच. कोणाचा पांढरा, कोणाचा कायमच किंचित पिवळसर. आपला नेहमीचा रंग रुग्णाला ठाऊक हवा, कारण आम्हाला माहिती हवी असते ती त्यातील बदलाची.

हिरवा रंग जंतूंचा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट विकर असते, त्याचा तो रंग. पेशी जितक्या जास्त, तितका रंग गडद. रात्रभर साचलेला पहाटेचा पहिला बेडका थोडा गडद दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नये. दिवसभर तसाच पडत राहिला तर मात्र दखल घ्यावी.

कॅनडातील विनिपेगचे डॉ. अँथोनिसेन व सहकाऱ्यांनी 1987 साली तीन लक्षणे मांडली, ती आजही आम्ही वापरतो: दम वाढणे, बेडक्याचे प्रमाण वाढणे आणि तो पुवासारखा होणे. तिन्ही एकत्र असतील तेव्हा अँटिबायोटिकचा उपयोग चांगला होतो. दम वाढला पण बेडका पांढराच आहे, तर बहुधा सर्दीचे विषाणू किंवा धूळ-धूर कारण असते. अशा वेळी इनहेलरचे औषध वाढवावे लागते, कॅप्सूलने फारसे साधत नाही. मेडिकलच्या दुकानातून "मागच्या वेळचीच द्या" म्हणून चार गोळ्या आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्यांतील काही औषधे क्षयाचे जंतू थोडे दिवस दडपतात आणि निदान लांबते.

लाल रंग दिसला तर आधी पान-तंबाखू आठवावी. चूळ भरून पुन्हा पाहावे. खरोखर रक्त असेल तर, एक ठिपका का असेना, थांबू नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा जुन्या खोकल्याचे रूपच बदलले, तर थुंकीची क्षयासाठी तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. ताप आणि गंजासारखा तांबूस बेडका ही न्यूमोनियाची खूण असू शकते. गुलाबी, फेसाळ बेडका व आडवे होताच गुदमरणे हे बहुधा हृदयाचे दुखणे असते. तडक रुग्णालय गाठावे. राखाडी-काळपट बेडका चूल फुंकणाऱ्या भगिनींमध्ये दिसतो, तो काजळीचा.

पाहायचे कसे? चूळ भरून पांढऱ्या कागदावर, दिवसाच्या उजेडात. नंतर कागद जाळून टाकावा. अंगणात थुंकून वर माती लोटू नये.

रंगावर सगळा भरवसाही ठेवू नका. रोज पडणारा बेडका एकाएकी बंद झाला आणि दम वाढला, तर तो सुधारल्याचा नव्हे, कफ आत घट्ट अडकल्याचा संभव असतो. ओठ निळसर पडले, बोलताना वाक्य पुरे होईना, किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर बेडका कसाही असो, 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.