साडेसातशे मीटर : जन्म दर्यात गेला, पोहायला मात्र यंदा शिकलो



गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर माझा एक फोटो फिरला. डोक्यावर नारिंगी टोपी, दंडावर काळ्या शाईनं लिहिलेला नंबर आणि चेहरा असा, की जाळं फाटून सगळं नुस्तं गेलंय. खाली तुमच्या कमेंटी वाचल्या. "दर्यात उडी मारायला पैसे भरलेस काय रे?" ही सगळ्यांत जास्त हसवणारी. होय, भरले. आपण रोज फुकट करतो ते काम पैसे भरून केलं, आणि तरी बुडता बुडता वाचलो. संस्थेच्या सेक्रेटरींनी सांगितलं, नुसतं हसून सोडू नका, काय झालं ते लिहा. म्हणून हा लेख.

शर्यतीचं नाव ट्रायथलॉन. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावणं, मध्ये थांबायचं नाही. कपडे, बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा त्यातच धरतात. अमेरिकेत सॅन डिएगोजवळ मिशन बे नावाच्या खाडीत 1974 साली ही सुरू झाली आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली. मिरामारला 2019 पासून जी मोठी शर्यत होते ती आपल्यापैकी पुष्कळांनी बघितली असेल. तिच्यात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं असतं. ते माझ्यासारख्याचं काम नव्हे. मी उतरलो ती छोटी, तिला स्प्रिंट म्हणतात. 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं.

या फंदात पाडलं भाच्यानं. तो कॉलेजात शिकतो. म्हणाला, "मामा, सायकल नि धावणं कसंही होईल. पोहण्यात तुला कोण हरवणार? तू तर दर्यातला." मी हो म्हटलं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं की आपण खोटं बोललो. माझं वय 36. सोळाव्या वर्षापासून बोटीवर आहे. पण सलग पन्नास मीटर मी आयुष्यात पोहलो नव्हतो.

आपल्यात हे कुणी बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. लहानपणी खाडीत डुंबलो, डोकं वर काढून कुत्र्यासारखे हातपाय मारले, होडीवरून उडी मारून परत होडी धरली. एवढ्याला आपण पोहणं समजतो. जोवर होडी हाताच्या अंतरावर आहे तोवर ते चालतंही.

माझ्या काकांची होडी हाताच्या अंतरावर राहिली नाही. नऊ वर्षं झाली. पहाटे परत येताना नदीच्या तोंडावर, जिथं वाळू साचून लाटा फुटतात तिथं, बोट कलंडली नि ते बाहेर फेकले गेले. अंधार होता. किनारा सत्तर-ऐंशी मीटरवर असेल. तीस वर्षं दर्यात काढलेला माणूस, वारा नुसता गालावर घेऊन उद्याचं हवामान सांगायचा. सापडले दुसऱ्या दिवशी. लाइफ जॅकेटं बोटीवर होती, पण पुढच्या खणात दोरखंडाखाली दाबून ठेवलेली. घरात आम्ही एवढंच म्हणत आलो की दर्यानं नेलं. त्यांना पोहता येत होतं का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

1 जून ते 31 जुलै आपली मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करून उरलेल्या वेळात मी शहरातल्या तलावावर जायला लागलो. पहिल्या दिवशी माझ्या बाजूला आठ वर्षांची एक मुलगी होती. ती पंचवीस मीटर जाऊन परत आली, मी मध्येच दोरी धरून खोकत होतो. शिकवणाऱ्या सरांनी एकच चूक काढली. "तुम्ही श्वास घेता, सोडत नाही." खरंच होतं ते. तोंड पाण्यात गेलं की मी श्वास कोंडून धरायचो, आणि तोंड वर आल्यावर आधी सोडायला नि मग घ्यायला वेळच पुरायचा नाही. पाण्याखाली बुडबुडे काढत सावकाश सोडायचा आणि मान बाजूला वळवून घ्यायचा, एवढं शिकायला मला तीन आठवडे लागले. जाळी ओढून खांदे दणकट झालेत हे खरं, पण त्या ताकदीचा इथं फारसा उपयोग नाही. उलट जोर लावला की दम लवकर जातो.

दुसरी गोष्ट शिकलो ती पाठीवर तरंगणं. छाती फुगवून, कान पाण्यात बुडवून, आभाळाकडे बघत पडून राहायचं. मला तेव्हा वाटलं, हे पोरांचे खेळ.

शर्यत पावसाळ्यानंतर, पणजीच्या बाजूच्या किनाऱ्यावर. पहाटे सायकल ठरलेल्या जागी लावली, घोट्याला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा बांधला. अष्टमीच्या जवळचे दिवस, म्हणजे भांगाचं पाणी, ओढ बेताची. सुकती नुकती लागली होती. हे सगळं मी वाळूवर उभ्या उभ्या वाचलं आणि मनात म्हटलं, सोपं आहे.

शिट्टी झाली. एकदम शंभरेक माणसं पाण्यात. कुणाचा पाय माझ्या तोंडावर, कुणाचा हात पाठीवर. मीही गर्दीबरोबर जोरात निघालो. पहिला बोया दोनशे मीटरवर होता. अर्ध्यावर पोचलो आणि छातीत काहीतरी आवळलं. श्वास आत जाईना. तलावात तळाच्या निळ्या फरशा दिसतात, इथं खाली गढूळ काळोख. पाय खाली सोडले, तळ लागला नाही. आणि त्या क्षणी, मंडळी, मला काका दिसले. म्हणजे ते कसे गेले असतील ते कळलं. दर्या ओळखीचा असूनही माणसाचा श्वास अडकतो.

हातांनी पाणी मारायला लागलो. तेवढ्यात सरांचा आवाज आठवला आणि पाठीवर उलटलो. कान पाण्यात गेले, गलका बंद झाला. आभाळ उजळत होतं. बुडलो नाही. दहा-बारा श्वास घेतले. कयाकवरचा एक पोरगा जवळ आला, म्हणाला, "दादा, धरून राहा. पुढं सरकायचं नाही, एवढंच. धरलं म्हणून बाद होत नाही." मी ते पोरांचं खेळणं दोन्ही हातांनी धरलं. ज्याच्या नावावर बोट आहे त्या माणसानं.

मिनिटभरानं सोडलं आणि पुन्हा सुरुवात केली. हळू, बुडबुडे सोडत. आता डोकं चालायला लागलं होतं. बघितलं तर पुढचे बरेच जण बोयाकडे तोंड करून पोहत होते आणि सुकती त्यांना हळूहळू डावीकडे नेत होती. मग ते पुन्हा वळून बोया शोधायचे. मी आपलं नेहमीचं काम केलं. बोयाच्या मागे किनाऱ्यावर एक उंच माड होता, त्याच्या मागे पाण्याची टाकी. जाळ्याची जागा ठरवताना जशा दोन खुणा एका रेषेत धरतो तशा धरल्या. रेष मोडली की थोडं उजवीकडे. शेवटच्या अडीचशे मीटरात नऊ-दहा जणांना मागं टाकलं. ते माझ्यापेक्षा चांगलं पोहत होते, फक्त जास्त लांब पोहत होते.

पाण्यातून बाहेर आलो तेव्हा 26 मिनिटं झाली होती. उभा राहिलो तर किनारा डुलत होता. बूट चढवायला, हेल्मेट घालायला माझी सहा मिनिटं गेली. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही असा नियम आहे. मी आधी सायकल काढली, पंचानं थांबवून परत ठेवायला लावली. सायकल भाच्याची जुनी. 20 किलोमीटरला 58 मिनिटं. पुढच्याच्या अगदी मागं राहून वारा चुकवायला बंदी असते, त्यामुळे समोरचा वारा सगळा छातीवर. बायका, पोरं, पांढऱ्या केसांचे गृहस्थ, सगळे मला ओलांडून गेले.

सायकलवरून उतरून धावायला लागलो तर पाय आपले वाटेनात. चार दिवस खोल दर्यात काढून जेटीवर पाय ठेवल्यावर जसं होतं, तस्सं. रस्त्याच्या कडेला नुस्त्याची पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या एक मावशी उभ्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं नि विचारलं, "कोण मागं लागलाय रे तुझ्या?" हसण्यात अर्धा किलोमीटर निघून गेला. पाच किलोमीटरला 41 मिनिटं, त्यात थोडं चालणंही. सगळं मिळून 2 तास 14 मिनिटं. शेवटून सातवा.

घरी आलो तेव्हा बाबा पडवीत जाळं विणत होते. "कितवा आलास?" सांगितलं. मग कयाकचंही सांगितलं, पाठीवर उलटल्याचंही. काकांचं नाव घेतलं नाही, पण त्यांचा हात सुईवर थांबला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "त्याला हे कुणी दाखवलं असतं तर." एवढंच. जॅकेटला "चोळी" म्हणून हसणारा माणूस. पुढच्या खेपेला नदीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी ते खणातून काढलं नि अंगात घातलं. पट्टे लावले नव्हते. ते मी लावले.

आता कामाचं.

एक, स्वतःला खरं विचारा. होडी सुटली तर अंगावरच्या कपड्यांत पन्नास मीटर जाल का? पाच मिनिटं पाठीवर तरंगाल का? उत्तर "नाही" असेल तर त्यात लाज नाही. लपवण्यात मात्र धोका आहे.

दोन, पाण्यात पडलात आणि घाबरलात तर आधी पोहू नका. पाठीवर या, श्वास लागू द्या, मग दिशा बघा. गमबूट भरले असतील तर काढून टाका.

तीन, जॅकेट खणात असेल तर ते नसल्यासारखंच आहे. बोट कलंडते तेव्हा खण उघडायला वेळ मिळत नाही. निदान नदीच्या तोंडाशी, रात्री आणि एकटे असताना ते अंगात हवं, पट्टे लावून.

चार, माझ्यासारखं शर्यतीत उतरायचं असेल तर चाळिशीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना छाती दाखवून घ्या. अशा शर्यतींतले बहुतेक मृत्यू पोहतानाच झालेत.

सेक्रेटरींशी बोललो आहे. येत्या बंदीच्या दिवसांत, आठवड्यातून तीन सकाळी, आपल्या खलाशांसाठी आणि मुलांसाठी पोहणं शिकवायचा विचार आहे. तलावावर नेणं-आणणं मी करीन, माझा टेंपो आहे. नावं संस्थेच्या ऑफिसात द्या. तांडेल मंडळींनी पहिलं नाव स्वतःचं घालावं, म्हणजे पोरं लाजणार नाहीत. बाबांचं नाव मी घातलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.