अंड्यांसाठी की मांसासाठी? बदके घेण्याआधीचा हिशेब

कर्जत, मुरबाड, माणगाव या पट्ट्यात अर्धा-एक एकराची वाडी घ्यावी, विहीर खणावी, एखादे शेततळे करावे आणि मग त्या पाण्यात चार बदके सोडावीत, हे अनेक शहरवासीयांचे जुने स्वप्न आहे. तळे होते, बदकेही येतात. सहा महिन्यांनी मात्र तक्रारी सुरू होतात. अंड्यांच्या आशेने आणलेली पांढरीशुभ्र बदके खाद्याची पोती रिकामी करतात आणि अंडी बेताचीच देतात. कुठे मांसासाठी वाढवलेल्या तपकिरी बदकांच्या अंगावर कापण्याजोगे काही नसते. दोष बहुधा बदकांचा नसतो. कोंबडी घेताना ‘लेयर’ की ‘ब्रॉयलर’ हे विचारणारा माणूस बदक घेताना फक्त रंग पाहतो, येथेच हिशेब चुकतो.

बदकांच्या जवळजवळ सर्व पाळीव जाती मॅलार्ड या एकाच रानबदकापासून आल्या आहेत. तरीही माणसाने निवड करत करत त्यांच्या दोन वेगळ्या वाटा केल्या. एक वाट अंड्यांची, दुसरी मांसाची. दोन्ही गोष्टी उत्तम देणारे बदक मिळेल, असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

अंड्यांच्या वाटेवर पहिले नाव खाकी कॅम्पबेलचे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये राहणाऱ्या अ‍ॅडेल कॅम्पबेल या गृहिणीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. भरपूर अंडी देणारे रनर बदक आणि अंगाने भरलेले रुआँ बदक यांचा तिने संकर केला. ब्रिटिश सैन्याच्या गणवेशाचा तो काळ, त्यामुळे रंगावरून ‘खाकी’ हे नाव चिकटले. उत्तम व्यवस्थापनात ही मादी वर्षाला २८० ते ३०० अंडी देते आणि पाचव्या महिन्याच्या आसपास अंड्यावर येते. अंड्याचे वजन ६० ते ७० ग्रॅम, म्हणजे बाजारातील कोंबडीच्या अंड्याहून जास्त. दुसऱ्या वर्षीही ती चांगले उत्पादन देते. कोंबडीच्या बाबतीत व्यावसायिक सहसा इतका धीर धरत नाहीत.

या जातीचे पूर्वज असलेले ‘इंडियन रनर’ नावापुरतेच भारतीय. ते मूळचे आजच्या इंडोनेशियातील बेटांवरचे. बाटलीसारखे सरळ उभे शरीर आणि डुलत चालण्याऐवजी पळण्याची सवय, यामुळे ते लगेच ओळखू येते. भाताच्या खाचरांतून मैलोन् मैल हाकत नेण्यासाठीच ते घडले आहे. अंड्यांत ते खाकी कॅम्पबेलच्या खालोखाल आहे. भित्रेपणात मात्र पहिले. रात्री कुत्रे भुंकले तरी सारा कळप एका कोपऱ्यात चेंगरतो.

मांसाच्या वाटेवर राज्य व्हाइट पेकिनचे आहे. चीनमधून १८७० च्या दशकात ही जात अमेरिका आणि इंग्लंडमध्ये पोहोचली आणि आज जगभरच्या बदकमांसाच्या व्यवसायाचा ती कणा आहे. सहा ते सात आठवड्यांत सव्वादोन ते अडीच किलो वजन हे तिचे वैशिष्ट्य. तेवढ्यासाठी एक पिल्लू सुमारे सहा-सात किलो खाद्य खाते. पांढऱ्या पिसांचा एक फायदा ग्राहकाच्या लक्षात येत नाही, पण विकणाऱ्याच्या नक्की येतो. सोलताना मागे राहिलेली पिसांची बुडखे कातडीवर डागांसारखी दिसत नाहीत.

पेकिनच्या बाबतीत नवख्याकडून होणारी चूक ठरलेली आहे. ‘आणखी थोडे वाढू दे’ म्हणून तो थांबतो. सातव्या-आठव्या आठवड्यानंतर पिल्लू पहिली पिसे टाकून नवी धरू लागते. त्या अवस्थेत अंगभर टोचणारी कोवळी पिसे असतात आणि एक बदक सोलायला माणूस रडकुंडीला येतो. पुन्हा सोलण्याजोगी वेळ येते ती बाराव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर खाद्य चालूच राहते, वजन मात्र पूर्वीच्या गतीने वाढत नाही. पन्नास पिल्लांवर हा एका महिन्याचा उशीर झाला, तर नफा तेथेच संपतो.

मस्कोव्ही हे तिसरेच प्रकरण. ते मॅलार्डच्या कुळातले नव्हे, मूळ दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले. तोंडाभोवती लाल मांसल गाठी, आवाज जवळजवळ नाहीच, फक्त घशातून येणारा फुत्कार. शेजाऱ्यांच्या तक्रारीची भीती असेल तेथे हा गुण मोलाचा. मांस कमी चरबीचे असते. नर मादीच्या जवळजवळ दुप्पट होतो. मादी अंडी कमी देते, पण खुडूक बसावे तर तिनेच. इतर बदकांची अंडी २८ दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची ३५ दिवसांत. खाकी कॅम्पबेल आणि पेकिन यांची खुडूक बसण्याची सवय निवडीच्या ओघात जवळपास नाहीशी झाली आहे. त्यांची पिल्ले घरीच काढायची तर यंत्र हवे, नाहीतर खुडूक कोंबडी किंवा मस्कोव्ही. मस्कोव्ही आणि पेकिन यांच्या संकरातून निघालेली पिल्ले मांसाला उत्तम, पण खेचरासारखी वांझ असतात. त्यांच्यावर पुढची पिढी वाढवण्याचा बेत करू नये.

आता आकडेमोड. बंदिस्त ठेवलेल्या खाकी कॅम्पबेलला रोज सुमारे १५० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे वर्षाला साधारण ५५ किलो. २८० अंडी धरली तर एका अंड्यामागे जवळजवळ २०० ग्रॅम. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते आणि जवळपास तितकीच अंडी देते. विकतच्या खाद्यावर बदक कोंबडीपुढे टिकत नाही, हे स्पष्ट आहे. बदक परवडते ते चरते तेथे. भाताचे खाचर, पाणथळ जागा, गोगलगायी, किडे, गांडुळे, कापणीनंतर सांडलेले दाणे ही त्याची खरी शिदोरी. जपानमधील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून भातशेतीत बदकांची पिल्ले सोडण्याची पद्धत विकसित केली. पिल्ले तण आणि कीड खातात, चिखल ढवळतात, खतही देतात. ओंब्या भरू लागल्या की मात्र त्यांना बाहेर काढावे लागते. कोकणात पावसाळी भात आणि काही ठिकाणी वायंगणही होते. तेथे ही सोय आहे. माळरानावरच्या प्लॉटवर ती नाही, मग तेथे कितीही सुंदर तळे असो.

याच कारणाने देशी जातींना कमी लेखू नये. आसामची पाती, बिहारची मैथिली, केरळची कुट्टनाड या खाकी कॅम्पबेलपेक्षा कमीच अंडी देतात, पण त्यातील बरीचशी चरून मिळवलेल्या अन्नावर. केरळमध्ये समुद्रसपाटीखाली असलेल्या कुट्टनाड भागात ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ या बदकांचे हजारोंचे कळप कापणी झालेल्या शेतांतून फिरवले जातात. एका शेतातले दाणे संपले की कळप पुढच्या गावाला. शोभेच्या तळ्याशी या पद्धतीचा काही संबंध नाही. तो पोटाचा धंदा आहे, आणि त्याची जोखीमही तशीच. नोव्हेंबर २०१४ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये अलप्पुळा व कोट्टायम जिल्ह्यांत बर्ड फ्लू आला, तेव्हा बाधित परिसरातील बदके सरसकट नष्ट करावी लागली. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरमध्ये देशातला पहिला उद्रेक झाला होता. बदकांमध्ये हा विषाणू कधीकधी लक्षणांविना राहतो. म्हणून वाडीवर कोंबड्या असतील तर बदकांचे खुराडे वेगळे आणि लांब हवे. तळ्यावर रानबदके उतरत असतील तर अधिकच.

कोकणच्या दमट हवेत आणखी एक शत्रू असतो, बुरशी. मक्याच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीच्या पोत्याला ओल लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. इतर पाळीव पक्ष्यांपेक्षा बदकांना, विशेषतः पिल्लांना, ते फार लवकर बाधते. कोंबड्यांनी पचवलेले पोते बदकांना मारू शकते. जून ते सप्टेंबर खाद्य थोडे थोडे आणावे, फळीवर ठेवावे आणि कुबट वास आला तर फेकून द्यावे. त्यात काटकसर करू नये.

तळे हवेच, असेही नाही. अंड्यांची बदके पोहण्यावाचून उत्तम राहतात. पिण्याच्या भांड्यात डोके पूर्ण बुडेल इतकी, पाच-सहा इंच खोली मात्र आवश्यक. डोळे आणि नाकपुड्या धुता आल्या नाहीत तर त्यांना विकार होतात. खाण्यासाठी अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. पिल्ले काढायची असतील तर हलक्या जातीत सहा-सात माद्यांमागे एक नर पुरतो, जड जातीत चार-पाच माद्यांमागे एक. न निवडलेली वीस पिल्ले आणली तर त्यांत दहा नर निघणार, हे धरून चालावे. मादीचा आवाज मोठा व कर्कश होतो, नराचा घोगरा राहतो, पण हे कळेपर्यंत दीड-दोन महिने खाद्य गेलेले असते. म्हणून माद्या निवडून देणाऱ्या केंद्राकडूनच पिल्ले घ्यावीत. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथील केंद्र सरकारचे कुक्कुट विकास केंद्र बदकांसाठी ओळखले जाते.

एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. संध्याकाळी दार कोण लावणार? बदके स्वतःहून खुराड्यात परततीलच असे नाही, आणि मुंगूस, रानमांजर वाट पाहतच असतात. अंडी बहुतेक सकाळी नऊच्या आत पडतात, तोवर कळप आत ठेवला नाही तर ती चिखलात किंवा पाण्यात जातात. मालक शहरात असेल तर हे सगळे राखणदाराच्या कुटुंबाच्या अंगावर येते, आणि बहुधा त्यातल्या बाईच्या. अंड्यांचे बदक म्हणजे तिला वर्षभर रोजचे काम. पेकिनची एक तुकडी म्हणजे सात आठवड्यांचे. जात ठरवण्याआधी तिला विचारलेले बरे, आणि मोबदलाही तेव्हाच ठरवावा.

राहिली विक्री. मुंबई-पुण्यात बदकाच्या अंड्याला बंगाली, मल्याळी आणि ईशान्येकडील ग्राहक आहे, मराठी घरांत तो अजून थोडाच. मांसाची मागणी हॉटेलांकडून येते आणि नाताळात वाढते. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत सणाला बदकाची मोइली शिजते. २५ डिसेंबरसाठी पेकिन तयार हवे असेल तर पिल्ले ६ नोव्हेंबरच्या सुमारास घरात यायला हवीत, आणि अंडी उबवायची असतील तर ती ९ ऑक्टोबरला यंत्रात. मस्कोव्हीच्या नराला बारा आठवडे धरले तर अंडी ऑगस्टच्या अखेरीसच मादीखाली ठेवावी लागतात.