दोन हात दूर राहून सुईणपण शिकताना

२०२० हे परिचारिका आणि सुईणींचे वर्ष, असे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले होते. त्याच मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नर्सिंगचे वर्ग मोबाइलवर आले.

पण ही विद्या हातांची. पोटावर हात ठेवून बाळाचे डोके ओळखायचे, कळ किती वेळ टिकते ते मोजायचे. पडद्यावर आकृती दिसते. कळ येताना पोट कसे घट्ट होते, ते हातालाच कळते.

ज्या विद्यार्थिनी प्रसूतिकक्षात गेल्या, त्यांना पीपीई किटमध्ये घाम आणि धुरकटलेला चष्मा सांभाळावा लागला. कोविड असला तरी बाळंतिणीजवळ तिच्या पसंतीची सोबत असावी आणि मास्क लावून, हात धुऊन तिने बाळाला अंगावर पाजावे, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे होते. तरीही अनेक ठिकाणी नातेवाइकांना आत सोडत नव्हते. मग धीर द्यायला उरायची ती हीच शिकाऊ मुलगी. चेहरा झाकलेला, म्हणून आवाज मऊ ठेवायचा आणि हात धरून राहायचे.

परिचारिकांसाठी आता दीड वर्षाचे खास सुईण-प्रशिक्षण आहे. तुमच्या घरातली एखादी ताई त्या काळात नर्सिंग शिकली असेल, तर तिला जरूर विचारा. ऐकण्यासारखे खूप असेल.