प्रवासी छायाचित्रण
परदेशप्रवासात फिल्म कॅमेऱ्याने छायाचित्रे घेणे व त्यासाठी आधी करावयाची तयारी. प्रकाश पडताच फिल्मच्या पायसातील सिल्व्हर हॅलाइडाच्या कणांवर सुप्त प्रतिमा उमटते. ती फिल्म धुतल्यानंतरच दृश्य होते. त्यामुळे झालेली चूक प्रवाशास बहुधा घरी परतल्यावरच कळते आणि त्या स्थळी पुन्हा जाणे क्वचितच शक्य असते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन चलच्चित्रण कॅमेरा आणला, तेव्हा फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे घरीच होत व त्यांत पत्नी सरस्वतीबाईंचा मोठा वाटा असे. प्रवाशाला ही सोय नसते. चित्रे घेतलेली फिल्म त्याला अनेक दिवस सांभाळावी लागते.

उष्णता व दमटपणा यांमुळे फिल्मवर धूसरपणा येतो आणि रंगांचा समतोल ढळतो. भंडारा जिल्ह्यातील कोंढ्यासारख्या गावाहून मे महिन्यात निघालेल्या प्रवाशाची फिल्म नागपूरचा विमानतळ गाठण्यापूर्वीच बिघडू शकते. कारण तेथील उन्हाळी तापमान ४५° से.च्या आसपास जाते व उन्हातील बंद मोटारीत ते याहून पुष्कळ वाढते. शीतकपाटातील फिल्म बाहेर काढल्यावर तिचे तापमान सभोवतालच्या हवेइतके होईपर्यंत डबी उघडू नये, अन्यथा तीवर दव साचते.

विमानतळावरील क्ष-किरण तपासणी हा मोठा धोका होय. विमानाच्या सामानकक्षात जाणाऱ्या पेट्यांची तपासणी तीव्र किरणांनी होत असल्याने तीत न धुतलेली फिल्म कधीही ठेवू नये. हातातील सामान तपासणाऱ्या जुन्या यंत्रांनी मंद फिल्मला सहसा अपाय होत नाही. आयएसओ ८०० व त्याहून वेगवान फिल्मला मात्र होतो आणि प्रत्येक तपासणीगणिक तो साठत जातो. अलीकडे अनेक विमानतळांवर आलेली सीटी यंत्रे एकाच फेरीत मंद फिल्मही धूसर करू शकतात. म्हणून फिल्म पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासणीची विनंती करावी. ती सर्वत्र मान्य होईलच असे नाही. शिशाच्या पिशवीवर विसंबणे व्यर्थ ठरते, कारण आतील वस्तू न दिसल्यास तपासनीस ती उघडावयास लावतो वा पुन्हा तपासतो. धुतलेल्या फिल्मवर या किरणांचा परिणाम होत नाही. त्यामुळे विमानप्रवासाचे टप्पे अधिक असल्यास वाटेतील विश्वसनीय प्रयोगशाळेत ती धुऊन घेणे श्रेयस्कर.

मौल्यवान कॅमेरा नेताना सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेतल्यास परतताना तो परदेशात खरेदी केल्याची शंका उरत नाही. नवा कॅमेरा प्रवासात प्रथमच वापरू नये. निघण्यापूर्वी एक फिल्म वापरून व धुऊन पाहावी. फिल्म नीट भरली असल्यास पुढे सरकवताना गुंडाळण्याची कळही फिरते. वापरलेल्या फिल्मचे टोक पूर्णपणे आत ओढून घ्यावे. ते बाहेर राहिल्यास तीच फिल्म नवी समजून पुन्हा भरली जाते व दोन देशांची दृश्ये एकमेकांवर उमटतात.