मरीनावरचा एअर शो: वरचे आकाश, खालची वाळू

एअर शोचे जगभर दोन प्रकार रूढ आहेत. पहिला बाजारपेठेचा. पॅरिसजवळचे ल बूर्जे, इंग्लंडमधले फार्नबरो, दुबई आणि आपल्याकडे बंगळुरूजवळचे येलहंका या ठिकाणी विमाने बनवणाऱ्या कंपन्या आपला माल मांडतात, देशोदेशीची वायुदले तो पारखतात आणि यांतल्या काही ठिकाणी ठरावीक दिवशी सामान्य माणसालाही तिकीट काढून आत जाता येते. दुसरा प्रकार निव्वळ लोकांसाठीचा. त्यात सौदे नसतात, अनेकदा जवळ जाऊन पाहण्यासाठी ओळीने उभी केलेली विमानेही नसतात. विमाने दूरच्या तळांवरून उडून येतात, कसरती करतात आणि परततात. 6 ऑक्टोबर 2024 रोजी, रविवारी, चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर झालेला भारतीय वायुदलाचा एअर शो या दुसऱ्या प्रकारातला. निमित्त 92व्या वर्धापनदिनाचे, विमाने 72, वेळ सकाळी 11 ते दुपारी 1, आणि प्रेक्षक अंदाजे 15 लाख.

एवढी माणसे एका किनाऱ्यावर मावली, याचे कारण उत्तरेला जवळच असलेल्या जॉर्ज टाउनमध्ये सापडते. जॉर्ज टाउन ही मद्रासची जुनी व्यापारी पेठ. पॅरीज कॉर्नर, ब्रॉडवे, मिंट स्ट्रीट, हायकोर्टाची लाल इमारत आणि पूर्वेला बंदर. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळ मंदिरात शिवाजी महाराज 1677 साली दर्शनाला आले होते, अशी तिथली परंपरा सांगते, त्यामुळे मराठी प्रवाशांची पावले या भागात वळतातच. पेठेसमोरच्या समुद्रात 1870च्या दशकात कृत्रिम बंदराच्या भिंती बांधायला सुरुवात झाली. या किनाऱ्यालगत वाळू वर्षभरात मिळून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराच्या भिंतीने तिची वाट अडवली. भिंतीच्या दक्षिणेला वाळू साठत गेली, उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूने किनारा खचत गेला. दक्षिणेची ती साठलेली वाळू म्हणजे आजचा रुंद मरीना. 1880च्या दशकात या वाळूच्या कडेने फिरायला रस्ता करून त्याला मरीना हे नाव देणारा मद्रासचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक जेम्स ग्रँट डफ याचा हा मुलगा. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव बापाने त्याला दिले होते.

मद्रासच्या लोकांनी विमान पाहायला गर्दी करण्याची परंपराही याच परिसरातली. लुई ब्लेरिओने जुलै 1909 मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली आणि त्या बातमीने माउंट रोडवरचा हॉटेलमालक जाकोमो द'आंजेलिस झपाटला. त्याने स्वतः दुपंखी विमानाचा आराखडा केला, गाड्या बांधणाऱ्या सिम्पसन कंपनीकडून ते तयार करून घेतले आणि मार्च 1910 मध्ये पल्लावरम येथे चाचणी घेतली. त्यानंतर आयलंड ग्राउंड्सवर, म्हणजे मद्रासच्या जुन्या किल्ल्याजवळच्या, जॉर्ज टाउनहून पायी गाठता येणाऱ्या मैदानात, तिकीट लावून त्याचे जाहीर उड्डाण झाले. अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल नेण्याचा प्रसिद्ध प्रयोग फेब्रुवारी 1911 मधला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. भारतीय विमानविद्येच्या इतिहासात या हॉटेलवाल्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

भारतीय वायुदलाची आणि भारतीय नागरी विमानसेवेची सुरुवात एकाच महिन्यातली आहे. भारतीय वायुदलाची स्थापना 8 ऑक्टोबर 1932ची. त्यानंतर आठवड्याने, 15 ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने मुंबईत जुहूला उतरले, आणि तेच टपाल पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पोहोचवले. म्हणजे भारतीय नागरी विमानसेवेच्या पहिल्या मार्गाचे शेवटचे टोक मद्रास होते.

मरीनासारखा किनारा एअर शोसाठी उत्तम का, हे समजायला सुरक्षेचे नियम पाहावे लागतात. 28 ऑगस्ट 1988 रोजी जर्मनीतल्या रामस्टाइन तळावर इटलीच्या पथकाची तीन विमाने एकमेकांवर आदळली, त्यांतले एक प्रेक्षकांत कोसळले आणि वैमानिकांसह 70 जणांचा बळी गेला. त्यानंतर युरोपात प्रेक्षकांच्या दिशेने झेपावणाऱ्या कसरतींवर कडक निर्बंध आले. विमानाने प्रेक्षकांना समांतर रेषेत उडायचे, ती रेषा गर्दीपासून ठरावीक अंतरावर ठेवायची आणि तिच्यापलीकडे मोकळी जागा राखायची, हे आता सर्वत्र मानले जाते. शहरात अशी जागा मिळत नाही. समुद्रावर ती आपोआप मिळते. मरीनावर विमाने बंदर आणि दीपगृह यांच्या दरम्यान पाण्यावरून उडाली. खाली वस्ती नाही, वाटेत उंच इमारत नाही. तरीही चेन्नईचे नागरी विमानतळ जवळच असल्याने सराव आणि मुख्य कार्यक्रमाच्या काळात तेथील उड्डाणे काही काही तास थांबवावी लागली आणि प्रवासी विमानांची वेळापत्रके बदलली.

प्रेक्षकाला पहिला चकवा आवाज देतो. लढाऊ विमान ताशी 900 किलोमीटरने जात असेल तर ते सेकंदाला 250 मीटर कापते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. किलोमीटरभर दूर असलेल्या विमानाचा आवाज किनाऱ्यावर पोहोचायला सुमारे तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान पाऊण किलोमीटर पुढे निघून गेलेले असते. माणूस आवाजाच्या दिशेने मान वळवतो आणि तिथे रिकामे आकाश दिसते. विमान पाहायचे तर आवाजाच्या बरेच पुढे, उड्डाणाच्या दिशेने नजर टाकावी लागते. लहान मुलांना हे आधी सांगून ठेवले की त्यांची निराशा टळते.

तीव्र वळण घेणाऱ्या विमानाच्या पंखांवर क्षणभर पांढरा पडदा दिसतो, तो धूर नसतो. पंखावरचा हवेचा दाब एकदम उतरतो, हवा थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे सूक्ष्म थेंब बनतात. चेन्नईच्या दमट समुद्री हवेत हे दृश्य कोरड्या पठारापेक्षा जास्त ठळक उमटते. खरा धूर कसरतींच्या पथकांचा: इंजिनाच्या तप्त झोतात तेल सोडले की पांढरा पट्टा तयार होतो, आणि त्यात रंग मिसळला की तिरंगा. मालवाहू किंवा लढाऊ विमानातून खाली सुटणाऱ्या झगझगीत ठिणग्यांना फ्लेअर म्हणतात. उष्णतेचा माग काढत येणाऱ्या क्षेपणास्त्राने इंजिनाऐवजी त्यांचा पाठलाग करावा, यासाठी ती युक्ती असते.

मरीनावर राफेल, सुखोई-30, मिराज-2000, मिग-29, जॅग्वार आणि तेजस अशी वायुदलाची बहुतेक सगळी प्रमुख लढाऊ विमाने एकाच सकाळी दिसली. प्रचंड हे हल्ल्याचे हेलिकॉप्टर होते, आकाशगंगा पथकाचे छत्रीधारी होते आणि गरुड कमांडोंचे ओलीस-सुटकेचे प्रात्यक्षिकही होते. मराठी वाचकाच्या ओळखीच्या खुणा यात बऱ्याच. सुखोई-30 भारतात तयार होते ते नाशिकजवळच्या ओझरला, आणि हे विमान 2002 साली वायुदलात दाखल झाले ते पुण्याच्या लोहगाव तळावर. नऊ हॉक विमानांचे सूर्यकिरण पथक बीदरचे, म्हणजे लातूर-उदगीरच्या शेजारचे. या पथकाची विमाने एकमेकांपासून पाच मीटरच्या आसपास अंतर ठेवून उडतात. असे उडताना वैमानिक क्षितिजाकडे पाहत नाही. शेजारच्या विमानावरच्या ठरवलेल्या खुणेवर त्याची नजर खिळलेली असते आणि सगळे विमानसमूहाच्या म्होरक्यामागे जातात. म्होरक्या चुकला तर सगळे चुकतात. 19 फेब्रुवारी 2019 रोजी येलहंकात सरावात या पथकाची दोन विमाने धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. दोन तासांच्या कार्यक्रमामागे वैमानिक किती जोखीम पत्करतात, हे प्रत्येक प्रेक्षकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नागरी आणि लष्करी विमान ही दोन वेगळी कुळे आहेत असा एक समज असतो. मरीनावर उडालेले जुने डकोटा त्याला पहिला छेद देते. हे मुळात 1930च्या दशकातले डग्लस कंपनीचे प्रवासी विमान. युद्धकाळात ते सैन्य वाहू लागले, आणि 27 ऑक्टोबर 1947 रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना श्रीनगरला उतरवणारी विमाने याच जातीची होती. नौदलाचे पी-8आय हे पाणबुड्यांचा माग काढणारे विमानही असेच. चेन्नईपासून फार दूर नसलेल्या अरक्कोणमच्या आयएनएस राजाली तळावर ते असते. त्याचा सांगाडा बोइंग 737चा, म्हणजे पुण्या-मुंबईहून चेन्नईला जाणारा प्रवासी ज्यात बसतो त्याच घराण्याचा.

आकाशातला भाग असा चोख झाला. जमिनीवर मात्र पाच माणसे गेली. उन्हाचा ताप, पाण्याचा अभाव आणि परतीची कोंडी यांत अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. वायुदलाने मागितल्या त्याहून जास्त सोयी दिल्या होत्या, पण गर्दी अपेक्षेपलीकडे गेली, असे राज्य सरकारने सांगितले. कारणे पाहिली तर ती आधी मोजता येण्यासारखी होती. चेन्नईत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बाराच्या काही मिनिटे आधी सर्वांत उंच असतो. अकरा ते एक ही वेळ नेमकी त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तास. वाळूवर झाड नाही, छप्पर नाही. जागा धरण्यासाठी लोक आठ वाजल्यापासूनच येऊन बसले होते.

परतीची वाट हा दुसरा भाग. जॉर्ज टाउनमधल्या चेन्नई बीच स्थानकातून वेळाचेरीला जाणारी उन्नत रेल्वे मरीनाला समांतर धावते. चेपॉक, तिरुवल्लिकेणी आणि लाइट हाउस ही तिची स्थानके किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पण चौथ्या रेल्वेमार्गाच्या कामासाठी ऑगस्ट 2023 पासून बीच ते चिंताद्रिपेट हा तुकडा बंद होता, आणि तो पुन्हा सुरू झाला तो एअर शोनंतर तीन आठवड्यांनी, 29 ऑक्टोबरला. उत्तर चेन्नईच्या लोकांना मन्नडी किंवा हायकोर्ट स्थानकातून मेट्रोने गव्हर्नमेंट इस्टेटला उतरून चालणे, किंवा पॅरीज कॉर्नरहून किल्ला आणि नेपियर पूल ओलांडत तीनेक किलोमीटर पायी जाणे, असे मार्ग उरले. शो एक वाजता संपला आणि लाखो माणसे एकाच वेळी मोजक्या रस्त्यांवर आणि फलाटांवर आली.

ल बूर्जे किंवा येलहंका येथे हे टळते, कारण तिकिटांमुळे संख्या आधी कळते आणि कार्यक्रम अनेक दिवसांत विभागलेला असतो. महाराष्ट्रातून विमाने जवळून पाहायला जाणाऱ्या कुटुंबासाठी म्हणूनच येलहंकाचा एरो इंडिया सोयीचा. तो विषम वर्षी, सहसा फेब्रुवारीत भरतो. 2025 साली तेथे रशियाचे सुखोई-57 आणि अमेरिकेचे एफ-35 एकाच आवारात पाहायला मिळाले. कुठेही गेले तरी टोपी, माणशी दोन लिटर पाणी आणि लहानग्यांच्या कानांसाठी संरक्षण सोबत हवेच, आणि कार्यक्रम संपल्यावर तासभर थांबून निघावे.

मरीनावर पुढचा एअर शो होईल तेव्हा तो दुपारी साडेतीननंतर घ्यावा. किनारा पूर्वाभिमुख असल्याने त्या वेळी सूर्य प्रेक्षकांच्या पाठीमागे असतो, विमाने उजेडात न्हालेली दिसतात आणि ऊन उतरलेले असते. ऑक्टोबरच्या दुपारी ढग जमण्याचा धोका आहे, पण पावसाने कार्यक्रम फार तर रद्द होईल. बीच स्थानकातून लाइट हाउसपर्यंतची गाडी आता पुन्हा धावते आहे. त्या दिवशी तिच्या जादा फेऱ्या, वाळूवर सावली आणि दर काही पावलांवर पाणी, एवढी तयारी झाल्याशिवाय चेन्नईने पुन्हा लाखो लोकांना किनाऱ्यावर बोलावू नये.