औषधाचा पत्ता

पत्ता सांगण्याची पंचाईत इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहे. पत्र पोस्टाच्या पेटीत पडते, आणि पार्सलवाला फोनवर विचारतो, "कुठल्या बकाल्याच्या मागे?" कर्करोगाच्या औषधाची गत याहून वाईट. शिरेतून दिलेले डॉक्सोरुबिसिन गाठीकडे जाते, तसेच केसांच्या मुळांकडे आणि हृदयाकडेही. घरात कुणी ते लाल औषध घेतले असेल, तर त्यांना आम्ही काय वेगळे सांगणार!

म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, लायपोसोममध्ये, भरू लागले. पिशवी साधारण १०० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. अमेरिकेत १९९५ साली असे औषध मंजूर झाले. पुढे तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा २०१२ मध्ये आपल्या मुंबईच्या सन फार्माचे मागवावे लागले बरं का!

आपल्या शेजारी, शारजाच्या अमेरिकन विद्यापीठात, प्रा. घालेब हुसैनी यांचा गट याच पिशव्यांवर काम करतो. स्तनाच्या काही कर्कपेशींवर एचईआर-२ नावाचे प्रथिन फार असते. त्याला चिकटणारे ट्रास्टुझुमॅब पिशवीवर बसवायचे, हा झाला पत्ता. मग बाहेरून अल्ट्रासाउंडच्या लहरी सोडून पिशवी उघडायची, ही किल्ली.

ऐकायला सोपे वाटते. पण वाटेत यकृत आणि प्लीहा बसलेले असतात, आणि तिथल्या भक्षक पेशी असे कण गिळून टाकतात. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे, मुख्यतः उंदरांवरचे, प्रयोग तपासले. गाठीपर्यंत पोहोचलेला वाटा निघाला ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही!

इम्युनोथेरपीत मात्र या खादाडपणाचाच उपयोग करता येतो. कर्करोग आपल्या संरक्षक पेशींना जो ब्रेक लावतो, तो सोडवण्याच्या शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले (ॲलिसन आणि होंजो). पण ब्रेक साऱ्या शरीरात सुटला, तर त्या पेशी आतडी, थायरॉइड, फुप्फुसे यांच्यावरही उठतात. म्हणून औषध गाठीत किंवा जवळच्या लसिकाग्रंथीतच पोहोचवायचे. तिथल्या भक्षक पेशी कण गिळतात आणि आतला 'शत्रूचा फोटो' टी-पेशींना दाखवतात. कोविडच्या एमआरएनए लशी चरबीच्या अशाच कणांतून दिल्या गेल्या. कर्करोगाच्या लशींसाठीही ती वाट चाचपली जात आहे.

तेव्हा कुणी 'नॅनो उपचार' म्हणाले, तर आधी विचारावे: मंजूर औषध आहे की चाचणी? चाचणी माणसांवर की उंदरांवर? विम्यात बसते का? शारजाच्या या पिशव्या मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवर तपासल्या गेल्या आहेत. दवाखान्यात मागून मिळणारे ते औषध नव्हे.